हातातला लेसर: मनाई वापराला की बाळगण्याला?

गणेशोत्सव जवळ आला की नागपुरात लेसरचा विषय निघतो आणि विसर्जन झालं की मागे पडतो. बोलणं होतं ते मिरवणुकीतल्या मोठ्या दिव्यांबद्दल. ट्रॅक्टरवर बांधलेल्या त्या यंत्रामागे निदान एक मंडळ असतं, जाब विचारायला पदाधिकारी असतात. खिशात मावणारा, चार्जिंगच्या सेलवर चालणारा आणि आगपेटीची काडी पेटवणारा लेसर कोणाच्याच नोंदीत नसतो.

पहिला लेसर १९६० मध्ये चमकला. पुढची बरीच वर्षं तो प्रयोगशाळेतच राहिला. १९९० च्या दशकात लाल पॉइंटर किल्लीच्या जुडग्याला लटकू लागला, मग हिरवा आला. खरी उडी २०१० च्या सुमारास पडली. प्रोजेक्टरसाठी बनलेले निळे डायोड, म्हणजे लेसर सोडणारे चिमुकले भाग, हातातल्या नळीत बसवले गेले आणि एक वॅटचा, म्हणजे १००० मिलिवॅटचा लेसर घरपोच मिळू लागला.

हा आकडा किती मोठा आहे? डोळ्यावर झोत पडला की पापणी साधारण पाव सेकंदात मिटते. तेवढ्या वेळात इजा होऊ नये, या हिशेबाने दिसणाऱ्या प्रकाशासाठी १ मिलिवॅटची मर्यादा ठरली. अमेरिकेने पॉइंटरच्या विक्रीसाठी ५ मिलिवॅट धरले. ५०० च्या वर सगळ्यात धोकादायक वर्ग सुरू होतो. तिथे पापणी मिटेपर्यंत पडदा भाजलेला असतो, कारण डोळ्याचं भिंगच तो झोत एका बिंदूवर एकवटतं. भाजलेला पडदा पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया नाही.

लेबलवर विसंबावं, तर तेही खोटं निघतं. अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने १२२ पॉइंटर तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के मर्यादेत बसले नाहीत. अनेकांमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडत होता. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटतही नाही.

मनाई वापराला करायची की बाळगण्याला, या वादाची गाठ २००८ मध्ये बसली. सिडनीत उतरणाऱ्या अनेक विमानांवर त्या मार्चमध्ये ठरवून हिरवे झोत मारले गेले. झोत अंतराबरोबर पसरतो आणि कॉकपिटच्या काचेवर पोचेपर्यंत सगळी काच उजळून टाकतो. उतरण्याच्या ऐन क्षणी वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. तिथल्या राज्याने १ मिलिवॅटच्या वरचा हातातला लेसर थेट निषिद्ध शस्त्रांत टाकला. नुसता जवळ असणंच गुन्हा झाला. आकाशनिरीक्षक चिडले. तारे दाखवायला हिरवा पॉइंटर लागतो, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पुढे अशा गटांसाठी सवलती आल्या. याउलट अमेरिकेने २०१२ मध्ये विमानावर झोत मारण्याला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवलं, बाळगण्याला हात लावला नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये तोच रस्ता धरला. कॅनडाने त्याच वर्षी मधली वाट काढली: १ मिलिवॅटच्या वरचा लेसर विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत घराबाहेर जवळ ठेवायचा नाही. स्वित्झर्लंडने २०१९ मध्ये सर्वांत सौम्य वर्ग सोडून बाकी पॉइंटर बाळगायलाच मनाई केली.

वापरावर बंदी घालणाऱ्यांची अडचण साधी आहे. अंधारात, गच्चीवरून, दोन सेकंद झोत मारून खिशात टाकणारा सापडतो कसा? तो सापडेपर्यंत विमान उतरलेलं असतं किंवा एखाद्याचा डोळा गेलेला असतो. कॅनडाची वाट म्हणूनच जास्त पटते. सोनेगावच्या विमानतळाभोवती तसं १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर सीताबर्डीसकट निम्म्याहून जास्त शहर त्यात येतं.

आपल्याकडे भर राहिला तो तात्पुरत्या आदेशांवर. विमानतळांच्या आसपास किंवा उत्सवापुरते मनाई आदेश निघतात. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. त्यांची मुदत संपते, वस्तू घरात राहते. कोल्हापुरात २०२३ च्या मिरवणुकांनंतर डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात असाच आदेश काढावा लागला. दोन्हीकडे रोख मोठ्या दिव्यांवर होता.

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा हिशेब लिहिलेला आहे. मिलिवॅटचा तसा हिशेब त्यात नाही. ऑनलाइन मागवलेला निळा लेसर शाळकरी पोराच्या हातात देताना वय विचारलं जात नाही, सोबत संरक्षक चष्मा आलाच तर तो त्या रंगाचा प्रकाश अडवतो की नाही हे तपासलं जात नाही. परवाना, वयाची अट, आकाशनिरीक्षकांना आणि कारागिरांना सूट, हे सगळं या विक्रीच्या टप्प्यावरच लावता येतं. मनाई आदेश त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत.