फ्लीट म्हणजे साय काढणं

'फ्लीट' म्हटलं की डोळ्यांपुढे जहाजांचा ताफा येतो, फार तर टॅक्सी कंपनीच्या गाड्या. इंग्लंडच्या जुन्या दूधघरांत मात्र हे क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ दुधावरची साय काढणं. दोन्हींचं मूळ एकच, 'तरंगणं'. जहाज पाण्यावर तरंगतं, स्निग्धांश दुधावर. साय काढून उरलेलं ते 'फ्लेट मिल्क'. सायीला आणखी एक जुना शब्द होता, 'रीम'. जर्मन 'राम' त्याचाच सख्खा भाऊ. फ्रेंचमधून 'क्रीम' आलं आणि रीम बिचारा स्कॉटलंडच्या बोलीत जाऊन बसला.

ही साय म्हणजे आपली साय नव्हे. आपण दूध तापवतो, त्यामुळे आपल्या सायीत प्रथिनांचा पापुद्राही असतो. तिकडे कच्चं दूध पसरट भांड्यात ओतून रात्रभर गार खोलीत ठेवत. दुधातले स्निग्ध कण सरासरी तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि भोवतालच्या द्रवापेक्षा हलके, म्हणून ते वर सरकतात. किती वेगाने, ते 1851 साली जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेल्या नियमावरून काढता येतं. एकटा कण तासाला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर चढतो. मग सकाळपर्यंत जाड थर येतो कसा? गाईच्या गार दुधातली काही प्रथिनं या कणांना एकमेकांना चिकटवतात आणि त्यांचे घोस होतात. वेग आकाराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे दसपट रुंद घोस साधारण शंभरपट वेगाने वर येतो.

सकाळी 'फ्लीटिंग डिश' हातात घ्यायची. आपला झारा चपटा करून त्याला बशीचा आकार दिला, की झाली ती. कड थराखाली अलगद सरकवायची आणि उचलायची. पातळ दूध भोकांतून गळून जातं, दाट साय वर राहते. हात जड असला तर सगळं पुन्हा ढवळलं जातं आणि रात्रभराची वाट पाहणं फुकट.

सफोक परगण्यात लोणी लंडनला विकून उरलेल्या फ्लेट मिल्कचं चीज करत. चीजमध्ये प्रथिनांच्या जाळ्यात स्निग्धांश अडकून त्याला मऊ ठेवतो. तोच नसला की जाळं घट्ट आवळतं आणि वाळून दगड होतं. या चीजचं नावच पडलं 'सफोक बँग'. लंडनचे प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस यांनी 4 ऑक्टोबर 1661 च्या नोंदीत लिहिलंय, की घरचे नोकर सफोक चीज खायला कुरकुर करतात म्हणून बायको वैतागली आहे. नोकरांची बाजू मला पटते. आरमारातही खलाशांच्या माथी हेच चीज मारलं जाई. अखेर 1758 मध्ये आरमाराने ते बंद केलं.

साय काढायच्या पळीचा एक उपयोग दुधाशी संबंध नसलेलाही होता. बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याची गावकरी भांडी बडवत धिंड काढत, तिला 'स्किमिंग्टन' म्हणत. इंग्रजीत 'स्किम' म्हणजे साय काढणं; बायकोच्या हातातल्या त्या पळीवरूनच हे नाव पडलं असावं. सॉमरसेटमधल्या माँटाक्यूट हाऊसच्या भिंतीवर अशी धिंड गिलाव्यात कोरलेली आहे.

1878 च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी दूध गरगर फिरवून साय वेगळी करणारं यंत्र आणलं. रात्रभराचं काम मिनिटांवर आलं, पसरट भांडी माळ्यावर गेली आणि त्यांच्यापाठोपाठ हे शब्दही.

औषधं करणाऱ्यांचा 'डिस्प्यूमेट' हा शब्दही असाच मागे पडला. लॅटिनमधल्या फेसावरून आलेला हा शब्द. मध तापवून त्यावरचा फेस काढायचा, म्हणजे मध डिस्प्यूमेट करायचा. नेमकं हेच काम आपल्या गुऱ्हाळात आजही चालतं आणि त्याला धडधाकट शब्दही आहे. काहिलीत रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, कचरा त्यात गुंतून हिरवट-काळा वर येतो, आणि मोठा झारा घेऊन उभा असलेला माणूस मळी काढू लागतो.