रुग्ण उशिरा आला, की उपचार उशिरा मिळाले?

सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाशी नातं तुटतं अशा मानसिक आजारात, लवकर उपचार मिळतात का, हे तपासताना डीयूपी (ड्युरेशन ऑफ अनट्रीटेड सायकोसिस) मोजतात. भास, भ्रम किंवा विस्कळीत बोलणं स्पष्ट दिसू लागल्यापासून पुरेसा औषधोपचार सुरू होईपर्यंत गेलेला काळ म्हणजे डीयूपी. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तो सरासरी १२५ आठवडे निघाला, श्रीमंत देशांत सुमारे ६३. हा आकडा पाहिला की ‘लोकांना आजार कळतच नाही’ असा निष्कर्ष लगेच निघतो. पण त्या आकड्यात दोन वेगवेगळे उशीर मिसळलेले असतात : मदत मागायला झालेला आणि मागितल्यावरही मिळायला झालेला.

पहिल्यावर जनजागृतीचा उपाय चालतो. नॉर्वेच्या रोगालँड भागात १९९७ पासून वर्तमानपत्रं, शाळा आणि डॉक्टरांपर्यंत माहिती पोचवली आणि कोणीही थेट फोन करू शकेल अशी शोधपथकं नेमली. तिथे मध्यक डीयूपी (सगळे रुग्ण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ५ आठवडे होता, तुलनेच्या भागांत १६. मोहीम थांबली आणि काळ पुन्हा वाढला. उलट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये विलंबाचा मोठा वाटा रुग्ण मानसिक आरोग्यसेवेत आल्यानंतरचा निघाला. तिथे नुसती पोस्टरं लावून काय साधलं असतं?

दोन्हींची सीमा ठरते ‘पहिली मदत’ कशाला म्हणायचं यावर, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. समजा, लक्षणं सुरू झाल्यावर १४व्या आठवड्यात कुटुंब मांत्रिकाकडे गेलं. ३४व्या आठवड्यात दवाखान्यात झोपेच्या गोळ्या मिळाल्या. ६०व्या आठवड्यात हॅलोपेरिडॉल हे सायकोसिसवरचं औषध सुरू झालं, पण आठवड्याभरात साठा संपला. ७५व्या आठवड्यात औषध पुन्हा सुरू झालं आणि टिकलं. मांत्रिकाची भेट धरली तर मागायला १४ आठवडे, मिळायला ६१. फक्त दवाखाना धरला तर ३४ आणि ४१. रुग्ण तोच, पण पहिल्या हिशेबात दोष जवळजवळ सगळा व्यवस्थेकडे जातो. म्हणून दोनऐवजी तीन टप्पे नोंदवावेत : कोणाकडेही पहिल्यांदा जाणं, आरोग्यसेवेत पहिल्यांदा येणं, पुरेसे उपचार सुरू होणं. मग कोणतीही व्याख्या नंतर लावून पाहता येते.

शेवटची तारीखही सोपी नाही. ६०वा आठवडा धरला तर डीयूपी १५ आठवड्यांनी कमी दिसतो. औषध किमान महिनाभर सलग घेतलं गेलं तरच घड्याळ थांबवायचं, असा नियम आधीच लिहून ठेवावा. साठा वारंवार संपतो तिथे हा नियम विशेष महत्त्वाचा. हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतली औषधं आहेत. यादीत नाव असलं म्हणून ती कपाटात असतीलच असं नाही.

सुरुवातीची तारीख कुटुंबाला क्वचितच आठवते. ‘कधीपासून?’ असं विचारण्याऐवजी लग्न, परीक्षा, पेरणी, घरातला मृत्यू अशा खुणांच्या आधी की नंतर, असं विचारावं. रुग्ण आणि नातेवाईक यांच्याशी वेगवेगळं बोलावं. फक्त महिना आठवला तर १५ तारीख धरावी, पण ती अंदाजे आहे हे नोंदवावं. अबोलपणा, शाळा सुटणं यांसारख्या पूर्वखुणा इथे मोजायच्या नाहीत; त्या धरल्या तर मागायला झालेला उशीर विनाकारण फुगतो. पीएएनएसएस या लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या गुणपट्टीवर भ्रम, भास यांसारख्या बाबींपैकी एकीला ४ किंवा जास्त गुण आणि ते आठवडाभर टिकणं, ही खूण बऱ्याच ठिकाणी वापरतात.

विश्लेषणात सरासरीवर विसंबू नये. दहा-दहा वर्षं उपचाराविना राहिलेले थोडे रुग्ण ती कितीतरी वर ओढतात (वरचे १२५ आठवडेही सरासरीच आहेत). मध्यक आणि चतुर्थकं (क्रमाने लावलेल्या रुग्णांचे चार समान भाग करणारे आकडे) द्यावीत, तीही प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र. टप्प्यांच्या मध्यकांची बेरीज एकूण मध्यकाइतकी येईलच असं नाही. ती आली नाही म्हणून आकडे ‘दुरुस्त’ करू नयेत.

आणि रुग्णालयात बसून मोजलं तर जे कधी पोचलेच नाहीत ते दोन्ही उशिरांतून गळतात. भारत, नायजेरिया आणि त्रिनिदादमधल्या इंट्रेपिड या सायकोसिसवरच्या संशोधन प्रकल्पात म्हणूनच पारंपरिक उपचार करणारे आणि वस्तीतले माहीतगार यांच्याकडूनही रुग्ण शोधले. असा न पोचलेला माणूस सापडला की त्याचा डीयूपी अजून संपलेला नसतो. शोधल्याच्या दिवसाला उपचाराची तारीख मानू नये. ‘अद्याप चालू’ अशी नोंद करून सर्व्हायव्हल अॅनालिसिसमध्ये वापरतात तशी, म्हणजे काळ अजून न संपलेल्यांचाही तोवरचा काळ हिशेबात धरणारी, पद्धत वापरावी. आणि त्याला औषध मिळण्याची सोय अभ्यास सुरू करण्याआधीच करून ठेवावी.