'थ्री मस्केटिअर्स' ऐकायला घेताना : ऑडिओ विभागाच्या सभासदांसाठी

आमच्या वाचनालयाच्या ऑडिओ विभागातून 'द थ्री मस्केटिअर्स' नेणाऱ्यांपैकी काही जण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच थांबतात. 'फ्रेंच नावांचा फार गोंधळ होतो' म्हणून ते फाइल परत करतात. बाकीचे महिन्याभराने येतात ते थेट पुढचा भाग मागायलाच. पहिल्या मंडळींनाही तो पुढचा भाग मागावासा वाटावा, म्हणून हे पत्रक.

ही कादंबरी अलेक्झांडर द्युमा यांनी ओग्युस्त माके या सहकाऱ्याला हाताशी धरून लिहिली. पॅरिसच्या 'ल सिएक्ल' या दैनिकात ती 14 मार्च ते 14 जुलै 1844 या चार महिन्यांत क्रमशः छापून आली. वाचकाने उद्याचा अंक विकत घ्यायलाच हवा, म्हणून प्रकरण कुठे तोडायचं हे द्युमांना नेमकं कळत होतं. एका दमात बारा प्रकरणं ऐकली तर ही कारागिरी वाया जाते. संपूर्ण इंग्रजी ध्वनिमुद्रण साधारण 25 तासांचं आहे आणि प्रकरणं 67. म्हणजे एका प्रकरणाला सरासरी वीस-बावीस मिनिटं. सकाळी फिरताना एक, रात्री भांडी आवरताना एक, असं धरलं तर महिना-सव्वा महिना छान सोबत होते.

आधी चार माणसं ओळखून ठेवा

आतोस वयाने सर्वांत मोठा. खानदानी, कमी बोलणारा, मनात काहीतरी जुनं दुखणं बाळगून असलेला. पोर्तोस धिप्पाड, भपक्याचा शौकीन, आवाज चढा. अरामिस देखणा आणि मृदू, आपण लवकरच धर्मगुरू होणार असं सारखं सांगणारा. चौथा दार्तान्याँ, दक्षिण फ्रान्समधल्या गॅस्कनीहून आलेला तापट तरुण. नावात 'तीन' असले तरी गोष्ट या चौथ्याची आहे, आणि तो स्वतः मस्केटिअर, म्हणजे राजाच्या रक्षकदलातला शिपाई, होतो तो बराच उशिरा. इंग्रजी ध्वनिमुद्रणात यांनाच ॲथॉस, पोर्थॉस आणि दार्तान्यन म्हणतात, तेव्हा उच्चार वेगळा आला तरी माणूस तोच. कार्डिनल रिशल्यू हा राजाचा मंत्री, आणि त्याच्या रक्षकांशी मस्केटिअरांचं हाडवैर. एवढं पाठ असलं की पुरे. बाकीची नावं ऐकता ऐकता जागेवर बसतात.

सुरुवात 1625 च्या एप्रिलमधल्या पहिल्या सोमवारी, म्यूँ गावात होते. दार्तान्याँ बापाने दिलेल्या पिवळट रंगाच्या म्हाताऱ्या घोड्यावर बसून येतो. 'हा घोडा कधी विकू नकोस,' असं बापाने बजावलेलं असतं, आणि पॅरिसला पोचताच पोरगा तो तीन एक्यूंना विकून टाकतो. (एक एक्यू म्हणजे तीन लिव्र, एक पिस्तोल म्हणजे दहा लिव्र. पैशांचा उल्लेख पुढे पावलोपावली येतो.)

चौथं आणि पाचवं प्रकरण मात्र सलग ऐका. घाईघाईत धावताना दार्तान्याँ आतोसच्या जखमी खांद्यावर आदळतो, पोर्तोसच्या झग्यात अडकतो, अरामिसचा रुमाल नको तेव्हा उचलून देतो, आणि एकाच सकाळी तिघांशी द्वंद्व ठरवून बसतो : बारा वाजता, एक वाजता, दोन वाजता. तिथे पोचल्यावर काय घडतं ते इथे सांगत नाही. वाचून दाखवणारा चांगला असेल तर त्या प्रकरणात चार आवाज निरनिराळे ऐकू येतात, आणि तिथून नावांचा गोंधळ उरत नाही.

मध्येच सोडू नका

शेवटाकडे, 52 ते 56 या प्रकरणांत, चौघे मित्र जवळजवळ गायब असतात. कार्डिनलची हेर असलेली मिलेडी इंग्लंडमध्ये कैदेत आहे आणि पहाऱ्यावर फेल्टन हा कडवा प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट पंथाचा) अधिकारी. एकेक प्रकरण म्हणजे कैदेतला एकेक दिवस. 'तलवारी कुठे गेल्या?' असं अनेक सभासद इथे विचारतात. आमच्या मते मात्र कागदावर लांबलेला हा भाग ऐकताना सर्वांत जास्त रंगतो. तिच्याजवळ एकच शस्त्र उरलंय, तिचा आवाज, आणि तो आवाज आपल्या कानातच असतो. रात्री, दिवा मालवून ऐका.

त्याआधीचा, फ्रान्समधल्या ला रोशेल शहराच्या वेढ्याचा भागही तसाच. हा वेढा इतिहासात खरोखर 1627-28 मध्ये पडला होता. कुणाच्या कानावर न पडता चौघांना बोलायचं असतं, म्हणून ते पैज लावून शत्रूच्या तोफांसमोरच्या बुरुजात न्याहारीला बसतात. गोळ्या, गप्पा आणि जेवण एकाच वेळी चालू असतं.

कुठली प्रत घ्यावी

संक्षिप्त आवृत्त्या दोन-तीन तासांत आटोपतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी त्या ठीक, मोठ्यांनी संपूर्णच घ्यावी. शक्यतो एकाच वाचकाच्या आवाजातली घ्या. दर प्रकरणाला आवाज बदलला की माणसं पुन्हा हातातून निसटतात. द्युमा 1870 मध्ये वारले, त्यामुळे मूळ कादंबरीवर आता कुणाचा हक्क नाही. लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेली इंग्रजी प्रत मोफत मिळते. ती उतरवून द्यायला आम्ही पैसे घेत नाही. नव्या अनुवादांचे आणि व्यावसायिक ध्वनिमुद्रणांचे हक्क मात्र राखीव असतात, त्यांची नक्कल करून देता येत नाही. फ्रेंच शिकणाऱ्यांनी मूळ फ्रेंच मजकूर समोर ठेवून फ्रेंच ध्वनिमुद्रण ऐकावं. संवाद भरपूर असल्याने कान लवकर तयार होतो.

साध्या दर्जाच्या फाइलना फोनमध्ये पाऊण जीबी जागा लागते. वेग वाढवू नका, द्युमांच्या संवादांतली थांबण्याची जागा त्यात हरवते. झोपताना ऐकत असाल तर प्रकरणाच्या शेवटी बंद होणारा टायमर लावा. कसा लावायचा ते काउंटरवर दाखवू.

पुढचा भाग, 'वीस वर्षांनंतर', आमच्याकडे आहे. तो न्यायला याल तेव्हा चौघांपैकी तुमचा कोण, तेवढं आम्हाला सांगून जा.