गाजले आणि मोडले: सत्तरच्या दशकातले मुंबईचे बीट ग्रुप

सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक वाजवलेल्या कुणालाही त्याच्या ग्रुपबद्दल विचारा. नाव सांगताना चेहरा उजळतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'फार चालला नाही.' मी त्यांतलाच. कॉलेजात असताना ऱ्हिदम गिटार वाजवायचो, आणि आमचा ग्रुप नीट जमायला लागला तोच मोडला. पोरांची भांडणं झाली, परीक्षा आल्या, घरच्यांनी कान पिळले अशी कारणं सगळेच देतात. ती खोटी नाहीत. पण इतक्या वेगवेगळ्या पोरांचे इतके ग्रुप एकाच तऱ्हेने मोडावेत, याचं मूळ त्या काळात शोधायला हवं.

सुरुवात रेडिओपासून करावी लागते. १९५२ नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना दार बंद केलं आणि ऐकणाऱ्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. हिंदी गाण्यांसाठी लावलेल्या त्या स्टेशनवर इंग्रजी गाणीही कानावर पडत. ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड आणि त्याच्या साथीचा शॅडोज हा ग्रुप आधी आले, मग १९६४च्या सुमारास बीटल्स. दोन गिटार, एक बेस आणि ड्रम्स हा बीट ग्रुपचा, म्हणजे अशी गाणी वाजवणाऱ्या चौघांचा, साचा तेव्हा पक्का झाला. मराठी घरांत गिटार ठाऊक होती ती हवाईन. व्हॅन शिपलींच्या तबकड्यांवरची, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची. तीच गिटार गळ्यात अडकवून उभ्याने वाजवणारा पोरगा घरच्यांना वाया गेलेला वाटे.

वांद्र्याच्या, माहीमच्या अनेक गोवेकर घरांत नोटेशन वाचणारं कुणीतरी असायचंच. बाकीच्यांनी सगळं कानाने उचललं. त्याची एक युक्ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तेव्हाच्या रेकॉर्ड प्लेअरवर मिनिटाला ७८, ४५ आणि ३३ फेऱ्यांबरोबर १६चाही वेग असे. ३३ची एलपी १६वर लावली की वेग निम्मा होतो आणि सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. म्हणजे पट्टी तीच राहते, फक्त लीडचा, म्हणजे मुख्य गिटारचा, भन्नाट तुकडा सुटा सुटा ऐकू येतो. एकेक स्वर असा वेचायचा, सुई उचलायची, पुन्हा ठेवायची. तबकडी कुणाची तरी मागून आणलेली असायची, म्हणून जीव मुठीत. इतक्या बारकाईने गाणं ऐकायची सवय मला त्यानंतर कुठल्याच यंत्राने लावली नाही.

खरी अडचण वाद्यांची होती. आयातीवर परवान्यांची कडक बंधनं, वर जबर जकात. परदेशी इलेक्ट्रिक गिटार यायची ती बोटीवरच्या एखाद्या खलाशाकडून किंवा देश सोडून जाणाऱ्याकडून. इथे बनलेल्या गिटारींच्या तारा बोटं टेकवायच्या पट्टीपासून इतक्या वर असत की बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा स्वरमेळ, धरताना बोटं सोलून निघत. तारा जुन्या झाल्या की उकळत्या पाण्यात टाकून, पुसून पुन्हा चढवायच्या. मळ निघाला की काही दिवस त्या परत खणखणत. अँप्लिफायर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बांधून घ्यायचा. व्हॉल्व्हचे ते जड खोके आवाज वाढवला की आपोआपच फाटका सूर द्यायचे, आणि आम्हाला हवा असायचा तोच. एका अँपमध्ये लीड, ऱ्हिदम आणि कधी गायकाचा माइकसुद्धा.

साहजिकच ग्रुप ज्याच्या मालकीचा अँप त्याच्या भोवती उभा राही. तो मुलगा शिकायला बाहेर गेला, नोकरीला लागला, किंवा त्याच्या वडिलांची बदली झाली की उरलेल्यांच्या हातात गिटार असूनही ग्रुप संपलेला असे. भांडणांपेक्षा यानेच जास्त ग्रुप मोडले असं माझं ठाम मत आहे.

वाजवायला जागा होत्या, पण मोजक्या. 'सिमला' सिगारेटच्या नावाने होणारी सिमला बीट स्पर्धा सगळ्यांत मोठी. तिथे देशभरचे ग्रुप येत आणि १९७० व १९७१ या सालांच्या स्पर्धांच्या एलपीही निघाल्या. त्यांत शिलाँगचे फेंटोन्स आहेत, अहमदाबादचे पर्पल फ्लॉवर आहेत. यांतल्या बहुतेकांचा आवाज आज ऐकू येतो तो एवढ्या दोन तबकड्यांमुळेच. १९७१मध्येच लोणावळ्याजवळच्या मळवलीला 'स्नेहयात्रा' हा मोकळ्यावरचा महोत्सव झाला आणि पवईच्या आयआयटीत मूड इंडिगो हा विद्यार्थ्यांचा महोत्सव सुरू झाला. १९७२मध्ये लेड झेपेलिन या गाजलेल्या ब्रिटिश रॉक ग्रुपचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये चक्क वाजवून गेले. त्या रात्री तिथे होतो असं सांगणारे पुढे इतके भेटले की ती छोटीशी जागा त्यांना पुरली नसती.

स्पर्धा जिंकल्यावर पुढे काय, याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. ध्वनिमुद्रणाचा धंदा चित्रपटगीतांवर चाले; इंग्रजीत गाणाऱ्या इथल्या पोरांची तबकडी काढण्यात फायदा नव्हता. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टसारख्या नावाजलेल्या ग्रुपचीही 'ऑब्सेशन ७७' ही एकच एलपी निघाली. बाकीच्यांची स्वतः रचलेली गाणी वाजवून झाली त्याच संध्याकाळी विरली. मला सगळ्यांत जास्त हळहळ त्यांची वाटते. उसनी गाणी मूळ तबकड्यांवर आहेतच. आमची कुठेच नाहीत.

जे टिकले ते ग्रुपबाहेर पडून टिकले. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट अशा ग्रुपांतून गायला. १९७४ साली दिग्दर्शक अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी रॉक संगीतिकेत त्याने ज्यूडास उभा केला आणि १९७८मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर आणला. मराठी प्रेक्षकाने रॉक ऐकलं ते बहुधा तिथेच पहिल्यांदा, आणि नाट्यगृहात बसून. याबद्दल नंदूचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

१९८०च्या सुमारास डिस्को आलं. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' गल्लोगल्ली वाजू लागलं, आणि कॉलेजांच्या कार्यक्रमांतून चौघांच्या ग्रुपऐवजी टेपवरच्या गाण्यांना मागणी आली. त्या गाण्याचा संगीतकार बिद्दू. लंडन गाठून तिथे नाव काढण्याआधी तोही ट्रोजन्स नावाच्या बीट ग्रुपमध्ये, गळ्यात गिटार अडकवून, बंगळूर आणि मुंबईत वाजवत होता.