झाकलेलं ताट आणि ऐरोलीचा जिना

संक्रांत झाली की ठाण्यात नौपाड्यापासून कोपरीपर्यंत हळदीकुंकवं सुरू होतात, आणि वाण लुटण्याआधी एक खेळ हमखास असतो. ताटात सुपारी, काडेपेटी, बटण, किल्ली, लवंग अशा वीसेक वस्तू मांडायच्या, मिनिटभर दाखवायच्या आणि वर रुमाल टाकायचा. मग ज्याने त्याने आठवून लिहायचं. किल्ली सगळ्यांना आठवते, लवंग बहुतेकींची राहते.

हा खेळ आज्या-पणज्यांचा असावा असं वाटतं. पण इंग्रजीत त्याला 'किमचा खेळ' म्हणतात. रड्यार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' कादंबरीत पोरक्या किमला हेरगिरीसाठी तयार करतात ते सिमल्याच्या एका दुकानात, ताटातली रत्नं दाखवून. बेडन-पॉवेलने १९०८ मध्ये तो स्काउटांच्या पुस्तकात घेतला. आपल्याकडे तो शाळांतूनच आला असणार. गंमत अशी की किपलिंगचा जन्म मुंबईतला, १८६५ सालचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला.

आपली जुनी रीत ताटाची नाही, कानाची. वेदपाठात नुसतं घोकणं नव्हतं. घनपाठात शब्द असे फिरवतात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन. मधला एखादा शब्द गळला तर उलटं येताना पाय अडखळणारच. शाळेतही तेच. पावकी, निमकी, पाऊणकी आणि साडेतीनपटीची औटकी सुरात म्हणायची. इंद्रधनुष्यासाठी 'तानापिहिनिपाजा', वृत्तांच्या गणांसाठी 'यमाताराजभानसलगं'. या दुसऱ्या सूत्राची करामत मला आजही आवडते: कुठल्याही गणाचं अक्षर धरा, त्याच्यासह तीन अक्षरं म्हणा, की त्या गणाचा लघु-गुरू क्रम हातात. यमाता म्हणजे लघु-गुरू-गुरू, झाला य गण.

स्मरणाचा जाहीर खेळही मुंबईने पाहिला आहे. १८८७ साली फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षांच्या श्रीमद् राजचंद्रांनी शतावधानाचा प्रयोग केला. म्हणजे शंभर गोष्टींकडे एकाच बैठकीत लक्ष ठेवून शेवटी सगळ्या बिनचूक सांगायच्या. गांधीजी ज्यांना मार्गदर्शक मानत, ते जैन विचारवंत रायचंदभाई हेच. पुढे त्यांनी असे प्रयोग सोडून दिले.

जागेची युक्ती मात्र ग्रीकांची. रोमन वक्ता सिसेरो सांगतो ती कथा अशी: कवी सायमोनिडीस एका मेजवानीतून निरोप आला म्हणून बाहेर गेला आणि मागे छत कोसळलं. प्रेतं ओळखू येईनात. कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने एकेकाचं नाव सांगितलं. त्यातून रोमच्या वक्त्यांनी धडा घेतला: ओळखीच्या घरातून मनाने चालायचं आणि भाषणाचा एकेक मुद्दा एकेका कोपऱ्यात ठेवायचा. शोकांतिकेतून निघालेली इतकी उपयोगी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही.

१८८५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून मोजलं, तर तासाभरात निम्म्याहून जास्त उडून गेलेली. २०१७ च्या एका युरोपीय प्रयोगात साध्या माणसांनी जागेची युक्ती रोज अर्धा तास, सहा आठवडे केली. ७२ शब्दांपैकी आधी सरासरी २६ आठवायचे, नंतर ६२.

आम्हा ठाण्याहून वाशीला जाणाऱ्यांना यासाठी वेगळं घर बांधायला नको. लोकलची स्टेशनं आहेतच: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. झोपेतही उलटसुलट येतात. मी बाजाराची यादी त्यांवर टांगतो. ऐरोलीच्या जिन्यावरून नारळ गडगडत येतात आणि लोक उड्या मारून वाट देतात. रबाळ्याच्या इंडिकेटरला वेळेऐवजी कोथिंबिरीची जुडी लटकते. घणसोलीच्या बाकड्यावर आईच्या बीपीच्या गोळ्या पाय पसरून बसल्यात, कुणाला जागा देत नाहीत. चित्र जितकं अचरट तितकं पक्कं बसतं. नुसतं 'गोळ्या आणायच्या' म्हटलं की मी हमखास रिकाम्या हाताने घरी येतो.

जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं. गाडी तिथे रोज थांबते, माझी यादी मात्र अजून थेट ऐरोलीलाच उतरते. काल दही दिघ्याला ठेवून पाहिलं. दही राहिलं.