बाराव्या अनुसूचीत नसलेला शब्द : नाशिकच्या घरांमागची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये अल्प उत्पन्न गटातल्या घराची चौकशी करायला निघालेला माणूस आधी शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात जातो. तिथला नगररचना विभाग नकाशा मंजूर करतो, पण घर वाटत नाही, म्हणून त्याला गडकरी चौकातल्या म्हाडाच्या नाशिक मंडळाकडे पाठवले जाते. म्हाडा सोडत काढते, पण मोठ्या प्रकल्पांत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखायची २० टक्के घरे बिल्डरने कळवल्याशिवाय सोडतीत घालायला तिच्याकडे काही नसते. आणि घर नवीन नाशकातले, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सिडकोतले असेल, तर जमीन सिडको या राज्य सरकारच्या कंपनीच्या भाडेपट्ट्याची, म्हणून कागदासाठी तिसरे कार्यालय. या फेऱ्या कर्मचाऱ्यांच्या मर्जीने ठरलेल्या नाहीत. १९९१ ते १९९४ या तीन वर्षांत दिल्लीत जे लिहिले गेले आणि जे लिहायचे राहिले, त्यातून त्या आल्या आहेत.

१९९१ साली पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात शीला कौल नगरविकास मंत्री झाल्या. त्यांच्या खात्याकडे त्या काळात दोन मोठी कामे होती. एक, शहरांच्या स्वराज्य संस्थांना राज्यघटनेत जागा देणारी घटनादुरुस्ती. दुसरे, राष्ट्रीय गृहनिर्माण धोरण. दोन्ही एकाच खात्यातून पुढे गेली, पण एकमेकांत विणली गेली नाहीत. नाशिकच्या घरांच्या प्रश्नाचा धागा शोधायचा तर तो तिथेच सापडतो.

घटनादुरुस्तीचा पहिला प्रयत्न राजीव गांधी सरकारने १९८९ मध्ये केला होता. ते ६५वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत आवश्यक बहुमताअभावी पडले. सप्टेंबर १९९१ मध्ये नव्याने विधेयक आले. ते मांडले गेले ७३वे म्हणून आणि कायदा झाला ७४वी घटनादुरुस्ती म्हणून, त्यामुळे जुन्या कागदांत आकड्याचा घोळ दिसतो. संयुक्त समितीची तपासणी होऊन २२ डिसेंबर १९९२ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते मंजूर केले. निम्म्या राज्यांची संमती, २० एप्रिल १९९३ ला राष्ट्रपतींची सही, आणि १ जून १९९३ पासून अंमल. राज्यांना आपापले कायदे जुळवून घ्यायला एक वर्ष होते. महाराष्ट्राने १९९४ चा ४१वा अधिनियम करून ते काम मुदतीत, मे अखेरीस उरकले.

यातून काय मिळाले, हे नाशिककराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आसपासची गावे जोडून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९९२ उजाडले. दहा वर्षे प्रशासकाची. दुरुस्तीतल्या अनुच्छेद २४३-यू ने पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्याआधी निवडणूक बंधनकारक केली, २४३-टी ने महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, राज्य निवडणूक आयोग आला. तरीही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिका पुन्हा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. घटनेत लिहिलेली मुदतही आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात अशी ताणली जाते, आणि त्या काळात झोपडपट्टीच्या यादीवर किंवा घरकुलाच्या वाटपावर सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नसतो.

आता मुख्य मुद्दा. या दुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात १८ विषय आहेत. पहिला नगररचना, दुसरा जमीनवापर आणि इमारत बांधकामाचे नियमन, दहावा झोपडपट्टी सुधारणा, अकरावा शहरी दारिद्र्य निर्मूलन. पुढे दफनभूमी, कोंडवाडे, रस्त्यावरचे दिवे, कत्तलखाने हेही आहेत. ‘गृहनिर्माण’ हा शब्द मात्र नाही. त्याच वेळी झालेल्या ७३व्या दुरुस्तीची, म्हणजे पंचायतींची अकरावी अनुसूची काढून पाहा. तिथे दहाव्या क्रमांकावर ‘ग्रामीण गृहनिर्माण’ स्पष्ट लिहिलेले आहे. गावात घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते, तिच्यावर हरकत घेता येते. शहरात तशी जागाच घडली नाही.

दुसरी उणीव क्रियापदातली आहे. अनुच्छेद २४३-डब्ल्यू म्हणतो की राज्य विधिमंडळ हे अधिकार पालिकांना देऊ ‘शकेल’. ‘देईल’ असे तिथे लिहिलेले नाही. जमीन हा राज्यसूचीतला १८वा विषय आणि स्थानिक शासन हा ५वा, त्यामुळे केंद्राला याहून फार पुढे जाता आले नसते, हे मान्य. पण परिणाम असा की १९७६ च्या कायद्याखाली उभी राहिलेली म्हाडा आणि कंपनी म्हणून स्थापन झालेली सिडको, दोन्ही राज्य सरकारच्याच हाताखाली राहिल्या. महापालिकेच्या वाट्याला नकाशे आणि झोपडपट्ट्या आल्या.

बांधकाम नियमनाचेही तेच. विषय बाराव्या अनुसूचीत असला तरी नियमावली मंत्रालयातून येते. नाशिकचे ‘कपाट प्रकरण’ आठवत असेल. फ्लॅटच्या बाहेर काढलेली कपाटे चटईक्षेत्रात मोजायची की नाही यावरून हजारो सदनिकांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवरच्या इमारतींची कोंडी अधिक झाली, कारण त्यांना वाढीव क्षेत्र नियमात बसवायला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, वापरता येत नव्हता. रस्ता नऊ मीटर धरून मार्ग काढावा लागला. शहरातल्या शहरात सुटायला हवी होती अशी ही गोष्ट, पण नियम बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली प्रस्ताव करून मुंबईला पाठवणे भाग असते. तोवर घर घेतलेला माणूस दाखल्याविना राहतो, आणि दाखला नाही म्हणून अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे होणे, रखडते.

शीला कौल यांच्या खात्याचे दुसरे काम १९९४ चे राष्ट्रीय गृहनिर्माण धोरण. पहिले धोरण १९८८ मध्ये संसदेसमोर आले होते. १९९४ च्या धोरणाने, नव्या आर्थिक वाऱ्यात, दिशा पक्की केली : सरकारने स्वतः घरे बांधत बसण्यापेक्षा जमीन, कर्ज आणि नियम सोपे करावेत, बांधणी खासगी आणि सहकारी क्षेत्राने करावी. या एका वाक्याचा परिणाम नाशकात डोळ्यांनी दिसतो. सिडकोने सहा योजनांत लहान लहान घरे स्वतः बांधून अंबड एमआयडीसीतल्या कामगारांना हप्त्यावर दिली, ते जुने प्रारूप. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगरच्या पुढे वाढलेले शहर हे नव्या प्रारूपाचे. कामगाराला परवडेल असे घर बांधणारी संस्था मागे सरली आणि तिच्या जागी बिल्डरवर घातलेली अट आली.

सिडकोची घरे मुळात लहान. कुटुंब वाढले तसे लोकांनी वर खोली चढवली, समोरची जागा आत घेतली. जमीन भाडेपट्ट्याची असल्याने विक्री, वारसनोंद आणि बँकेचे तारण, प्रत्येक वेळी सिडकोचा ना हरकत दाखला आणि शुल्क लागते. वाढीव बांधकामाचा प्रश्न मात्र महापालिकेचा. २०१८ मध्ये महापालिकेने अशा बांधकामांवर खुणा करायला घेतल्या तेव्हा सगळा भाग रस्त्यावर आला होता. जमीन एकाची आणि नियम दुसऱ्याचा, तर मधल्या माणसाचे असेच होते.

शीला कौल यांच्या कारकिर्दीचा शेवट ज्या वादाने झाला तोही घरांच्या धोरणाशी जोडलेला आहे. सरकारी निवासस्थाने आणि दुकाने रांग डावलून दिल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर ६० लाख रुपयांची दंडात्मक भरपाई लावली. पुढे न्यायालयानेच तो भरपाईचा आदेश मागे घेतला. पण मंत्र्याच्या स्वेच्छाधिकारातून घर देण्याची पद्धत त्यानंतर कुणाला उघडपणे समर्थनीय वाटली नाही. आज म्हाडाची सोडत संगणकावर होते आणि अर्जदाराची कागदपत्रे आधी तपासली जातात, ती याच दिशेची वाटचाल आहे.

आता २० टक्के कुठून आले ते. आधी कमाल जमीन धारणा कायदा होता. १९७६ चा हा कायदा केंद्राने केला, पण जमीन राज्याचा विषय, म्हणून अनुच्छेद २५२ खाली राज्यांनी ठराव केल्यावरच संसदेला तो करता आला. नाशिक त्याच्या यादीत होते. कलम २० खाली जादा जमिनीला कायद्यातून सूट द्यायची आणि बदल्यात काही घरे दुर्बल घटकांसाठी घ्यायची, असा मार्ग होता. १९९९ मध्ये केंद्राने कायदा रद्द केला, तरी महाराष्ट्रात तो आपोआप गेला नाही. अनुच्छेद २५२ मुळेच विधिमंडळाला स्वतंत्र ठराव करावा लागला. तो २९ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. कलम २० चे शेरे सातबाऱ्यावर मात्र राहिले, आणि आजही नाशकात जुना भूखंड घेताना इतर हक्काचा रकाना वाचणे सोडू नये.

रद्द करण्यामागे ३ डिसेंबर २००५ ला सुरू झालेली जेएनएनयूआरएम, ही शहरांच्या नूतनीकरणासाठी पैसा देणारी केंद्राची योजना होती. नाशिक तिच्यात होते आणि चुंचाळे शिवारातली घरकुले तिच्याच पैशातून झाली. योजनेच्या अटींच्या यादीत ७४व्या दुरुस्तीची अंमलबजावणी होती, कमाल जमीन धारणा कायदा रद्द करणे होते, आणि गृहप्रकल्पांतली २० ते २५ टक्के विकसित जमीन दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखणेही होते. १९९२ ची दुरुस्ती आणि १९९४ चे धोरण इथे पहिल्यांदा एका कागदावर आले. महाराष्ट्राने ८ नोव्हेंबर २०१३ च्या अधिसूचनेने दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ही अट आणली. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४,८६,०५३, म्हणून आपण तिच्यात आलो. २ डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत ती ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण’ म्हणून कायम राहिली.

हिशेब असा. भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर अट लागते. प्लॉट पाडायचे असतील तर २० टक्के क्षेत्र लहान प्लॉटच्या रूपात, इमारती बांधायच्या असतील तर मूळ चटईक्षेत्राच्या २० टक्के इतक्या लहान सदनिका. समजा निव्वळ भूखंड ७,८०० चौरस मीटर आहे. मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम चालते तो आकडा, १.१ धरला तर ८,५८० चौरस मीटर बांधकाम, त्याचे २० टक्के १,७१६. सरासरी ४० चौरस मीटरची सदनिका धरली तर ४२ घरे म्हाडाच्या सोडतीत यायला हवीत. आता हीच जमीन ३,९०० चे दोन तुकडे करून मंजुरीला टाकली तर एकही घर येत नाही. अट बुडते ती इथे.

दुसरी गळती पत्रव्यवहारात आहे. विकासकाने बांधकाम परवानगीनंतर म्हाडाला घरे कळवायची, म्हाडाने सहा महिन्यांत पुढची कार्यवाही करायची. त्या मुदतीत काही झाले नाही तर विकासकाला ती घरे स्वतः विकण्याची वाट मोकळी होते. राखीव घरांना भोगवटा दाखला, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळाल्याशिवाय उरलेल्या प्रकल्पाला तो देऊ नये, हा नियमातला खरा लगाम. पण तो महापालिकेच्या हातात, आणि घरांची गरज असलेली संस्था म्हाडा. एकाने दाखला देताना दुसऱ्याला विचारले नाही तर लगाम सैल पडतो. २०२२ मध्ये तत्कालीन गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी नाशिकमधला हाच प्रश्न जाहीरपणे मांडला आणि विषय विधान परिषदेपर्यंत गेला. बाराव्या अनुसूचीत गृहनिर्माण असते तर जबाबदारी एका दारी शोधता आली असती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे. ती घरेही याच तीन दारांतून जायची आहेत.

म्हणून नाशकात एखाद्या मोठ्या प्रकल्पाची २० टक्के अट तपासायची असेल तर सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. गट नंबर आणि हिस्से पाहावेत, मग फेरफार काढावेत. वाटणीची नोंद नकाशा मंजुरीच्या थोडीच आधीची असेल आणि दोन्ही हिश्श्यांचा विकासक एकच असेल, तर तिथे थांबून नीट पाहावे. नंतर मंजूर नकाशावरचा क्षेत्रफळाचा तक्ता वाचावा. राखीव सदनिका कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर आहेत हे त्यावर दाखवलेले असते. शेवटी माहिती अधिकारात दोन अर्ज करावेत : महापालिकेकडे भोगवटा दाखल्याची तारीख, आणि म्हाडाकडे विकासकाचे पत्र आल्याची तारीख. दाखला आधीचा आणि पत्र नंतरचे निघाले, तर तक्रारीला तेवढे दोन कागद पुरतात.