अभिकल्प-रेखाटन

कल्पना मनात आकार घेत असतानाच अभिकल्पकाने (डिझायनरने) कागदावर हाताने काढलेली द्रुत, बहुधा मापांविना केलेली आकृती. जाहिरात व मुद्रण व्यवसायांत तिला ‘रफ’ म्हणतात. ग्राहकासाठी रंगवलेले चित्र किंवा कारागिराला द्यावयाचे मापबद्ध आरेखन या संज्ञेत मोडत नाही.

इंग्रजी ‘स्केच’ हा शब्द डच भाषेतून आला असून त्याचे मूळ इटालियन ‘स्कित्सो’ हे मानतात. त्यापुढील व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही कोशकार ती ‘आयत्या वेळी केलेले’ या अर्थाच्या ग्रीक ‘स्खेदिओस’पर्यंत नेतात, इतरांच्या मते हा शब्द द्रव उडण्याच्या आवाजावरून बनलेला अनुकरणवाचक आहे. इटालियनमध्ये त्याचा ‘शिंतोडा’ हा अर्थ आजही रूढ असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शोधक रेखाटनाची, म्हणजे काढता काढता कल्पना शोधण्याची, पद्धत साधारणतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत रुळली असावी. चित्रकार लिओनार्दो दा विंचीच्या कागदांवर जुनी रेषा न खोडता तिच्यावरच नवी ओढलेली दिसते.

संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांच्या १९६३च्या संगणकप्रणालीला ‘स्केचपॅड’ हे नाव मिळाले, पण ते तितकेसे अन्वर्थक नाही. अंदाजाने ओढलेल्या रेषा घातलेल्या अटींनुसार समांतर वा काटकोनात आणून देणे हेच तिचे वैशिष्ट्य होते. संज्ञानशास्त्राचे अभ्यासक विनोद गोएल यांनी १९९५मध्ये असे प्रतिपादन केले की, मुक्तहस्त रेखाटनातील संदिग्धतेमुळे अभिकल्पक एका कल्पनेवरून वेगळ्याच कल्पनेकडे वळू शकतो आणि नेमक्या रेषांच्या संगणकीय आरेखनात असे वळण कमी येते. उलट, बिल्डा, गेरो व पर्सेल यांच्या २००६च्या प्रयोगात अनुभवी वास्तुविशारदांनी डोळे बांधून, केवळ मनात केलेली कामेही फारशी उणी ठरली नाहीत. मात्र प्रयोगात तीनच वास्तुविशारद होते आणि ते मुरलेले होते. नवशिक्यांना तो निष्कर्ष लावता येत नाही.

देवनागरी अक्षररचनेत हाताचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. बोरूने लिहिताना रेषेची जाडी टोकाच्या कापावरून व हाताच्या कोनावरून ठरते. संगणकावर मात्र अक्षराची बाह्यरेषा बिंदूंनी बांधावी लागते, त्यामुळे ‘क’च्या वाटीत लेखणी कोठे वळली हे रफ समोर नसल्यास अंदाजानेच ठरवावे लागते. ‘मंगल’ या संगणकीय टंकाचे (फाँटचे) रचनाकार र. कृ. जोशी हे मुळात सुलेखनकार होते. सध्या रफ कागदावर करून, त्याचे छायाचित्र पडद्यावर घेऊन त्यावर बिंदू बसवण्याची मिश्र पद्धतही वापरली जाते.